आधी टिंब, मग अक्षर

बाबा, तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. राहिली म्हणजे काय, मीच ठेवली. त्यानंतर तुम्ही चांगली दहा वर्षं घरात होता, रोज समोर बसून जेवत होता, वरणात तूप कमी पडलं की माझ्याकडे बघत होता, आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. एरवी माझं तोंड किती चालतं ते तुम्हाला सांगायला नको. आज आमच्या ऑफिसात टायपिंगची परीक्षा होती. हे ऑफिस नव्याने वसवलेल्या राजधानीत आहे, आपल्या शहरापासून लांब, तुम्ही पाहिलं नाही. एका वयस्कर बाईने हात वर केला, म्हणाली, "मॅडम, ये की अटक रही है।" कळ अडते म्हटल्याबरोबर मी तिला उठवलं, दुसऱ्या मशीनवर बसवलं आणि तिची वेळ पहिल्यापासून सुरू केली. मागून कोणी म्हणालं, मॅडमचं मन फार मोठं आहे हो. मोठं कसलं डोंबलाचं! घरी आले तशी लिहायला बसले.

आपल्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या त्या घरात उजेड फक्त स्वयंपाकघरात यायचा, म्हणून तुमचा टाइपरायटर ओट्याशेजारच्या स्टुलावर असायचा. आई पोळ्या लाटते आहे, पिठाचे हात लागू नयेत म्हणून मला "दूर हो" म्हणते आहे, आणि तुम्ही माझं बोट धरून कळेवर ठेवता आहात. मी दहा-अकरा वर्षांची असेन. तुम्ही म्हणाला, "हे पाह्य. टिंबाची कळ दाबली तं कागदाची गाडी जागची हालत नाही. टिंब तिथंच थांबते. मग अक्षर मारायचं, ते बरोब्बर त्याच्या खाली येऊन बसते. म्हणून आधी टिंब, मग अक्षर." मला ते फार आवडलं होतं. डोक्यावरचं आधी आणि डोकं मागून! एकदा मी मशीन उघडी टाकून खेळायला पळाले आणि कणकेचा कण आत जाऊन कळ अडली. मी रडत आले की मला जमत नाही, माझी बोटं वाईट आहेत. तुम्ही ब्रशने कळ साफ केली आणि असे रागावलात की आईचं लाटणं थांबलं. "कळ अडली तं हाताले दोष नाही द्यायचा. आधी मशीन पाह्याची. अन् मशीन झाकून ठेवाची, किती वेळा सांगू तुले?" त्या वेळी वाटलं, एवढ्याशा गोष्टीला एवढं काय.

मग नवं राज्य झालं, आपलं गाव राजधानी झालं. पेढे वाटले, फटाके फुटले, आणि तुमच्या ऑफिसात टाइपरायटर उचलून मागच्या खोलीत ठेवले. कॉम्प्युटर आले. पाठोपाठ हुकूम आला की सगळ्या टंकलेखकांनी कॉम्प्युटरवर हिंदी टायपिंगची परीक्षा द्यायची, जो नापास होईल त्याने टंकलेखकाची खुर्ची सोडायची आणि जिथे पाठवू तिथे आवक-जावकच्या टेबलावर बसायचं. तुमची चार वर्षं राहिली होती नोकरीची. साहेब लोक कच्चा मसुदा तुमच्यापुढे टाकून निर्धास्त चहाला जायचे, तुम्ही त्यांच्या चुकासुद्धा गुपचूप दुरुस्त करायचे. त्या खुर्चीवर तुमचा किती जीव होता हे मला माहीत होतं. मी तेव्हा एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये शिकवत होते. तुम्ही चप्पल काढून दारात उभे राहिला आणि माझ्या सरांना म्हणाला, "हमको भी भर्ती कर लीजिए, मास्टरनी घर की है।" सगळे हसले. मीही हसले.

आणि पहिल्याच आठवड्यात माझं हसू आटलं. कळा त्याच होत्या, सगळ्या जागच्या जागी, बोटं तुमची माझ्यापेक्षा वेगवान. पण कॉम्प्युटरला अक्षर आधी लागतं, टिंब नंतर. तुम्ही तीस वर्षांच्या सवयीने टिंब आधी मारायचे आणि ते जाऊन बसायचं मागच्या अक्षरावर. ओळच्या ओळ टिंबं एक घर मागे. तुम्ही पुसायचे, पुन्हा मारायचे, पुन्हा मागे. एके दिवशी भर वर्गात मी बोलले, "बाबा, पालथ्या घड्यावर पाणी आहे हे सगळं! आधी अक्षर, मग टिंब, एवढं साधं कळत नाही का?" पोरांना मराठी येत नव्हती, पण माझा आवाज कळला. सगळ्या माना खाली. तुम्ही म्हणाला, "हव, बरोबर आहे," आणि चष्मा पुसायला लागला. घरी आईला कोण बोललं देव जाणे, तिने मला धारेवर धरलं. "काहून वं, बापाले चारचौघात असं बोलते? बोट धरून कोनं शिकवलं तुले?" मी वर तोंड करून म्हणाले, मग मी पण बोटच धरून शिकवते आहे ना!

त्यानंतर तुम्ही जे केलं ते मला अजून दिसतं. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर तुम्ही सगळा कीबोर्ड स्केचपेनने काढला आणि रोज सकाळी, आंघोळ झाली की, ओट्यापाशी उभं राहून त्या पुठ्ठ्यावर बोटं आपटायचे. तोंडाने चालू, "अक्षर, टिंब. अक्षर, टिंब." आई शेजारणीला सांगायची, "नवा जप काढला ह्यायनं." दोन महिने. आणि बाबा, तुम्ही जिंकलात. शेवटच्या आठवड्यात सेंटरमध्ये तुम्ही पानामागून पान टाइप केलं आणि एकही टिंब मागे पडलं नाही. मी तपासलं होतं. "वा!" म्हणाले होते. तेवढंच.

परीक्षा आमच्याच सेंटरमध्ये झाली, कारण तुमच्या ऑफिसात एका वेळी बसायला पुरतील एवढे कॉम्प्युटर नव्हते. सरांनी मला सकाळी एक कागद दिला, त्यावर लिहिलं होतं, सगळी यंत्रं तपासली, सगळी नीट आहेत. मी सही केली. तपासली नव्हती. रोज तर चालतात, म्हटलं. तुम्हाला मी मुद्दाम पंख्याखालची जागा दिली, तुम्हाला घाम येतो म्हणून. घंटा झाली, दहा मिनिटांची वेळ सुरू झाली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला तुमचा हात वर. मी जवळ आले. तुम्ही माझ्याकडे न बघता, इतरांना नातं कळू नये म्हणून, म्हणाला, "मॅडम, बिंदी देर से आ रही है।" स्वतःच्या पोरीला मॅडम. मी पडद्यावर पाहिलं, टिंबं चुकलेली. माझ्या डोक्यात सणक गेली. झालं, परत तेच! दोन महिने पाण्यात! मी कळेला बोटसुद्धा लावलं नाही. म्हणाले, "मशीन ठीक है। आप टाइप कीजिए।" तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून टाइप करायला लागला.

निकालात तुमचं नाव खालच्या यादीत होतं. त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाही, नुसतं ताक घेतलं. मला म्हणाला, "मले वाटलं होतं कळ अडून राह्यली. पण तू म्हणाली मशीन ठीक आहे, म्हणजे ठीकच असन. बोटंच म्हातारी झाली माह्यी." ऐकताय ना, बाबा? आयुष्यभर हाताला दोष द्यायचा नाही म्हणणारे तुम्ही, माझ्या एका वाक्यावर आपल्या हाताला दोष देऊन मोकळे झाला. मला तेव्हा वाईट वाटलं, पण तुमचं वाईट वाटलं. माझी चूक मला दिसलीच नव्हती अजून.

ती दिसली निकालानंतर आठव्या दिवशी. पंख्याखालच्या मशीनवर एक पोरगी बसली होती, कुरकुरायला लागली की टिंब उशिरा उमटतं. मी स्वतः बसले. अक्षर मारलं, टिंबाची कळ दाबली. काही नाही. पुढचं अक्षर मारलं, आणि मग टिंब आलं, त्या पुढच्या अक्षरावर. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. कळ उपटून पाहिली तर खाली वाळलेला गोड चहा, चिकट, काळा. कळ दबायची पण तिथेच चिकटून उशिराने लागायची. मी तशीच उठले. कपाटातून तुमचा परीक्षेचा छापलेला कागद काढला. तुमची जुनी चूक असती तर टिंबं मागच्या अक्षरावर पडली असती. ती सगळी पुढच्या अक्षरावर पडली होती. सगळी. तुम्ही एकदाही चुकला नव्हता. तुम्ही तर मला सांगितलंही होतं, अगदी नेमक्या शब्दांत, देर से आ रही है.

अर्ज करायची मुदत पंधरा दिवसांची होती. यंत्रात दोष आढळल्यास फेरपरीक्षा, असं निकालाखाली लिहिलेलं होतं आणि ती ओळ मीच टाइप केली होती. म्हणजे सात दिवस हातात होते. कागद हातात होता. कळ हातात होती. मी सरांकडे गेले, अर्धंच बोलले, ते म्हणाले, "देख लो बेटा, चेकिंग पे साइन तुम्हारा है।" बस. पुढचं त्यांना बोलायची गरज पडली नाही. नव्या ऑफिसांत ऑपरेटर घेणार होते, माझं नाव तिथे जायचं होतं. कुठे हात दाखवून अवलक्षण करून घ्या, मी मनात म्हटलं. आणि आणखी एक म्हटलं, ते लिहिताना आजही लाज वाटते. म्हटलं, बाबांची चारच तर वर्षं राहिली आहेत. स्पिरिटचा कापूस घेऊन मी ती कळ पुसली, परत बसवली, टिंब बरोबर यायला लागलं. रोज सकाळी ठरवायचे की आज सांगते. तुम्ही ओट्यापाशी चहा घेत उभे असायचे, आता तोंडात जप नाही, पुठ्ठा फ्रीजच्या मागे. सात दिवस असेच गेले, आणि आठव्या दिवशी मला चक्क हलकं वाटलं.

तुमची बदली अभनपूरला झाली. चार वर्षं सकाळच्या बसने जायचे, पाकिटांवर नंबर टाकायचे, संध्याकाळी धुळीने भरून यायचे. तक्रार केली नाही, पण घरातल्या टाइपरायटरला पुन्हा हात लावला नाही. पाऱ्यातली माणसं सवयीने अर्ज घेऊन यायची, "भैया, टाइप कर दो।" तुम्ही सांगायचे, आता हात चालत नाही. त्यांना माझ्याकडे पाठवायचे. आणि मला ती ऑपरेटरची नोकरी लागली तेव्हा तुम्ही गोल बाजारात जाऊन रेक्झिनचं कापड घेतलं, शिंप्याकडून माझ्या कीबोर्डच्या मापाचं झाकण शिवून आणलं, कडेला नाडी लावलेलं. "धूळ बसू देऊ नको, पोरी. कळ अडते." मी ते घेतलं आणि हसले. ते हसणं मी कसं हसले असेन, बाबा? ते झाकण अजून आहे. नाडी दोनदा बदलली.

शेवटी दवाखान्यातही संधी होती. तुम्ही चादरीवर बोटं हलवत होता, नर्स म्हणाली, अशक्तपणाने होतं असं. मला कळत होतं तुम्ही काय करत होता. अक्षर, टिंब. अक्षर, टिंब. बरोबर क्रमाने. मी तुमचा हात हातात घेतला आणि बोटं थांबवली. बोलले नाही. तुम्हाला त्रास होईल म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. त्रास मला झाला असता.

हे पत्र मी कॉम्प्युटरमध्येच ठेवणार, कागदावर छापणार नाही. छापलं तर आईच्या हाती पडेल. तिला आता ऐकू कमी येतं, पण वाचायला तिला अजून कोणी लागत नाही. मागच्या रविवारी तुमची नात तिच्या मांडीवर डोकं ठेवून विचारत होती, हिंदीतच विचारते ती, "नानी, नाना सच में टाइपिंग में फेल हुए थे?" आई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "हव, बेटा. लय मेहनत केली होती त्यायनं. पण बोटंच थकली होती." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "नाही का वं? तू तं होती तिथं."

मी म्हणाले, "हव."