घोडीच्या तोंडात हात घातल्यानंतर

मी, अंजना सिदू देवकते, वय २६, दूध संस्थेत तपासनीस, मुक्काम चारा छावणी, तालुका आष्टी, आज शुद्धीवर असताना लिहून ठेवते. पुढे शुद्ध राहील याची खात्री नाही, म्हणून आजच.

१. कारण. ४ मे रोजी माझी घोडी लाळ गाळू लागली, गिळेना. छावणीत ऊसच चारा असल्याने घशात कांडे अडकले असे मी ठरवले. डॉ. मोहनरावांना फोनवर लक्षणे सांगितली नाहीत, माझे निदान सांगितले. ते म्हणाले, मी येतो, तोवर तोंडात हात घालू नका. मी येऊ नका म्हटले आणि हात घातला. अंगठ्याजवळ खरचटले. भेटीचे सातशे रुपये वाचले. घोडी ७ तारखेला मेली. काल अहवाल आला: पिसाळी, म्हणजे रेबीज.

२. कुत्रे मार्चमध्येच तिच्या नाकाला चावले होते. ते धाकटा भाऊ बिभीषण याला माहीत होते. "भंडारा लावला व्हता, दोन दिसात जखम भरली. तुला सांगितलं असतं तर तू डॉक्टर आणला असता." होय, आणला असता.

३. घोडी मेली त्याच दिवशी संशयावरून मला सुया सुरू केल्या; तीन झाल्या, सीरमही दिले. उपचार वेळेत झाला तर धोका फार कमी, असे दवाखान्यातले डॉक्टर सांगतात. तीन दिवस उशीर वेळेत धरतात का, हे मी त्यांना तीनदा विचारले. आज सकाळी ६.४० पासून अंगठ्याला मुंग्या येतात. जखम भरताना येतात म्हणे.

४. बँकेतील माझी बचत आई कडूबाईला. फॅट मोजायची माझ्याकडची काचेची नळी संस्थेला परत द्यावी. ती माझी नाही.

५. घोडीचे शिंगरू ज्याच्याकडे जाईल त्याने डॉक्टरांना पाहिले तेवढे सगळे सांगावे, स्वतः केलेले उपचारही. फी आधी विचारावी, त्यात लाज नाही. छावणीतली आपली सगळी जनावरे एकाच दिवशी दाखवली तर येण्याजाण्याचा खर्च वाटला जातो. लस दरवर्षी. शिंगराची सुरू केली आहे.

६. शिंगरू बिभीषणला, पण त्याच्या पाचही सुयांचे कार्ड साक्षीदारांनी पाहिल्यावरच. घोडीचे तोंड त्याने धरले होते. एक सुई घेऊन तो परत आला. "हात तू घातला, मी नुस्तं धरलं." कार्ड न दाखवल्यास शिंगरू चुलते आसाराम यांना.

७. डॉ. मोहनराव साक्षीदार असल्याने त्यांना काही देता येत नाही. येऊ नका म्हटल्याबद्दल माफी मागते.

वरील मजकूर सर्वांसमोर वाचला. सहाव्या कलमावर बिभीषण भांडेल असे वाटले होते. त्याने एवढेच विचारले, "आक्का, तुला भ्या वाटतंय का?"

"लई," मी म्हणाले. घरात हे कोणाला सांगितले नव्हते.

तो उठला आणि डॉक्टरांच्या गाडीत जाऊन बसला. सही झाल्यावर ते त्याला दवाखान्यात नेतील. कार्ड पाहिल्याशिवाय कलम ६ सैल करू नये.

सही: अंजना सिदू देवकते

आम्हा दोघांदेखत सही केली:
१. डॉ. मोहनराव, पशुवैद्य
२. धर्मराज, सचिव, दूध संस्था

चारा छावणी, ता. आष्टी, जि. बीड
१४ मे २०१९