पाटी पूल ओलांडून गेली

३ ऑगस्ट, शनिवार

आज अकरा जर्मन आणि एक मूर्ख. मूर्ख त्यांच्याबरोबरच आला होता, मी वेगळा मोजला. चर्चमध्ये वेदीसमोर उभं करून तिच्या चित्रफळ्यांबद्दल सांगत होते, लाकूड कुठलं, रंग कशाचा, तर हा मधेच, "क्रुसाखाली पाठ फिरवून उभी आहे ती चित्रकाराची पळून गेलेली बायको ना?" कुठल्याशा पुस्तिकेत वाचलं म्हणे. सांगितलं, चित्रकाराचं लग्नच झालेलं नव्हतं. फळी पुढे कधीतरी कापली. तिच्या समोरची माणसं कापलेल्या भागात गेली, ही तेवढी राहिली. ती कुणाकडे पाठ फिरवून उभी नाही, कुणाशी तरी बोलते आहे.

सगळे हिरमुसले. हिरमुसू देत. लोकांना खूश करण्यासाठी मी इतिहास शिकले नाही.

संध्याकाळी हार्टविग आला. आता शहरात मोठा पाद्री आहे, काळा कोट, बरोबर कागदांची बॅग. शाळेत माझ्याच हाताखाली शिकला. इतिहासात काठावर पास. खुर्चीच्या कडेला बसला तेव्हाच कळलं, बातमी वाईट आहे.

"बाई, समितीचं मत आहे की वेदी शहरातल्या संग्रहालयात हलवावी. छप्पर गळतं. माणसं उरली नाहीत. लक्ष कोण ठेवणार?"

"मी."

"तुमचं वय—"

"माझं वय मला माहीत आहे. आणि तुझे मार्क मला माहीत आहेत."

हसला. पण बॅग उघडलीच. शेवटी एवढं कबूल करून घेतलं: एक सप्टेंबरला तो स्वतः प्रार्थनेला येईल. "आपल्या क्रॉनबाख गावचा शेजार अजून जमतो असं दिसलं तर समितीला काही सांगता येईल. रिकाम्या बाकांसाठी कोणी वेदी ठेवत नाही, बाई."

बाक रिकामे दिसणार नाहीत, म्हटलं. जाताना झाडाखालचे आलुबुखार खिशात भरून घेऊन गेला. न विचारता! सवय जुनीच.

४ ऑगस्ट, रविवार

वेदी कुठेही जाणार नाही. हे लिहून ठेवते म्हणजे ठरलं.

नव्वदच्या हिवाळ्यात सगळं गाव गाड्या भरून जर्मनीला गेलं. ट्रान्सिल्व्हानियातल्या आमच्या सॅक्सन, म्हणजे मूळ जर्मन, गावांपैकी एकही सुटलं नाही. चर्चभोवतीचा तटबंदीचा कोट राहिला, चर्च राहिलं, किल्ली माझ्याकडे राहिली. आमची घरं उरली सहा. सहा घरांतून सगळे आले तरी पहिला बाक भरत नाही. पण शेजार म्हणजे एकमेकांना बांधलेली घरं; सहा जमली तरी तो शेजार आहे. नियमाने बोलवायचं. शेजारपाटी काढायची, निरोप घेऊन घरोघरी फिरते ती. पाटी आली आणि माणूस घरी बसला असं इथे झालेलं नाही.

११ ऑगस्ट, रविवार

पाय मुरगळला. कोटाच्या बेकनबुरुजात.

आमच्यातल्या म्हाताऱ्या मिशने वर आपली डुकराच्या खारवलेल्या चरबीची पट्टी टांगली आहे. सबंध बुरुजात ती एकच. पूर्वी घरटी एक असायची. रविवारी प्रार्थना झाली की आठवड्यापुरता तुकडा कापायचा आणि कापल्या जागी घराचा शिक्का मारायचा, म्हणजे मधल्या दिवसांत कोणी हात मारला तर कळतं. मिश अजून शिक्का मारतो. म्हटलं, "अरे, इथे तुझ्याशिवाय आहे कोण चोरायला?"

"मीच," तो म्हणाला. "बुधवारपर्यंत माझा माझ्यावर भरवसा राहत नाही."

हसताना पायरी चुकली. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाने मला हाताला धरून खाली आणलं. लाज वाटली. पायाला कोबीची पानं बांधली आहेत.

१२ ऑगस्ट, सोमवार

डॉक्टर म्हणतो तीन आठवडे चालायचं नाही. त्याला म्हणायला काय जातं.

१९ ऑगस्ट, सोमवार

पाटी काढली. पुसली, तेल लावलं. बदामाच्या आकाराची, अक्रोडाच्या लाकडाची. मागे चाप आहे त्यात निरोप अडकवला:

रविवार, एक सप्टेंबर, सकाळी दहा. कोटात जमणे. काळे कपडे. न येणाऱ्यास दंड, एक मडकं वाईन.

एरवी सगळ्या घरी मीच फिरवते, कारण मधली घरं आमची राहिली नाहीत. नव्वदपासून असंच. यंदा पाय असा. मिशच्या हातात दिली. कानाशी ओरडून सांगितलं, "पुढे दे!"

"मला नियम शिकवू नकोस, ओटिली. पाटी रात्री घरात ठेवायची नाही. तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे."

बरं वाटलं. नियम माहीत असलेला माणूस.

२१ ऑगस्ट, बुधवार

पाटी अजून परत आली नाही. सहा घरांना एक दिवस पुरतो. काठी घेऊन मिशकडे गेले. डॉक्टर गेला खड्ड्यात.

"कुणाला दिलीस?"

"पुढच्या घरी."

"पुढच्या म्हणजे?"

त्याने बोट दाखवलं. शूस्टरांचं घर! शूस्टर गेले त्याला चौतीस वर्षं झाली. आता तिथे रोमानियन ल्युमिनित्सा राहते. बसथांब्यावर भोपळ्याचं सारण भरलेल्या प्लाचिंता विकते ती. नवरा इटलीत, बकऱ्या तीन, आवाज तिन्हींपेक्षा मोठा.

"मिश! ती आपली आहे का?"

"नियमात आहे, पाटी पुढच्या घरी द्यावी. ज्याच्या धुराड्यातून धूर निघतो ते घर. तिच्या धुराड्यातून धूर निघतो." वर आणखी, "तुझ्यापेक्षा जास्त निघतो."

"तीनशे वर्षांची वस्तू आहे ती!"

"म्हणून तर दिली. ठेवायची असती तर ठेवली असती."

ऐकण्याचं यंत्र त्याने माझ्यासमोरच काढून खिशात टाकलं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

ल्युमिनित्सा दारातच भेटली, हात पिठात.

"पाटी कुठे आहे?"

"दिली की, बाई. पुढच्या घरी. रात्री घरात ठेवली तर पाप लागतं म्हणाले आजोबा."

"पाप नाही. दंड."

"मग तर लगेचच दिली ते बरं झालं."

"तुला निरोप वाचता आला? जर्मनमध्ये होता."

"आजोबांनी वाचून दाखवला. मी खाली आपल्या भाषेत लिहून टाकला, नाहीतर पुढच्यांना कसं कळणार? बाई, एक विचारू? काळे कपडे म्हणजे सगळेच काळे? माझा घागरा काळा आहे पण खाली गुलाब आहेत."

काठी उचलली. गुलाब तिचे तिला बघू देत.

पुढच्या घरी गेले. तिथून पुढे गेलेली. त्याच्या पुढच्या घरी — "काल संध्याकाळीच दिली, बाई! नगरपालिकेची नोटीस ना? दंड खरंच वाईनचा? आमच्याकडे फक्त बियर आहे." पाय सुजला. परत फिरले.

आमच्या उरलेल्या चार घरांना मी फोन करून बोलावलं. पाटीशिवाय. फोनवर! पहिल्यांदाच.

२४ ऑगस्ट, शनिवार

पाटी नाही.

बाजारात जुन्या वस्तू विकणारा माणूस येतो, त्याच्या दुकानापुढून मुद्दाम गेले. चरखे होते, दुधाची भांडी होती. पाटी नव्हती. परत आल्यावर ल्युमिनित्साने हाक मारून गरम प्लाचिंता दिली. घेतली. खाल्ली. चांगली होती.

२८ ऑगस्ट, बुधवार

दूधवाला म्हणाला, पाटी पूल ओलांडून गेली. पलीकडच्या वस्तीत, नदीच्या काठाकाठाने घरोघरी चालली आहे. शेजारपाटी पूल ओलांडून कधी गेलेली नाही. पलीकडे कोणाचा शेजार? कोणाचाच नाही. तिथे आमचं कोणी कधी राहिलंच नाही.

हार्टविगचा फोन. "रविवारचं काय, बाई?"

"ठरल्याप्रमाणे." आवाज अजिबात हलला नाही. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलेला आवाज आहे हा.

३१ ऑगस्ट, शनिवार

बाक पुसले. मिशने सहा उशा आणून ठेवल्या. मी त्यातल्या चार परत दिल्या. जास्त वाटत होत्या.

१ सप्टेंबर, रविवार

सगळं नीट लिहायला हवं, क्रमाने.

साडेनऊला कोटाचं दार उघडलं. आमची माणसं आली, आठ. हार्टविग पावणेदहाला आला. बाकांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढं शिकला आहे.

मग चढावरून आवाज आला.

आधी ल्युमिनित्सा, गुलाबांसकट. मागे तिची नणंद, नणंदेची सासू. मग नोटीस म्हणणारा तो बियरवाला. मग पुलापलीकडचे. पुरुष टोप्या हातात घेऊन, बायका काळे रुमाल बांधून. एकाने लग्नाचा कोट घातला होता, तो काळा होता म्हणून. दारात गर्दी झाली. कोणी क्रूस करत होतं, त्यांच्या पद्धतीने, उलट्या बाजूने. एक म्हातारी थेट वेदीकडे निघाली, चित्राचं चुंबन घ्यायला.

"तोंड लावायचं नाही! रंग जुना आहे!"

थांबली. सगळेच थांबले. आणि सगळे माझ्याकडे पाहत राहिले. कुठे बसायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग मी बसवलं. आमच्याकडे जशी रीत आहे तशीच, तसूभर इकडेतिकडे नाही. म्हातारे पुरुष ऑर्गनखाली. लग्न झालेल्या बायका उजवीकडे, वयाप्रमाणे. लग्न न झालेल्या मुली मधे, बिनपाठीच्या बाकांवर. ल्युमिनित्साची नणंद म्हणाली, "बाई, माझं लग्न झालं आणि मोडलं. मी कुठे?"

नियमात हे नव्हतं. "उजवीकडे," मी म्हणाले. "शेवटी."

"शेवटी का? मोडलं ते त्याने!"

"बरं, उजवीकडेच, मधे बस."

वयाप्रमाणे म्हटल्यावर उजवीकडे भांडण सुरू झालं. कोणीही कोणापेक्षा मोठी व्हायला तयार नव्हती. आमच्या बायकाही असंच भांडायच्या. मी विसरले होते.

हार्टविगने प्रार्थना सांगितली. स्तोत्राचे शब्द कोणाला येत नव्हते, पण चाल दुसऱ्या कडव्यापर्यंत उचलली. बियरवाल्याचा आवाज खर्जातला आहे. छपरावरची कबुतरं उडाली.

शेवटी एक माणूस उभा राहिला, पुलापलीकडचा, शेवटच्या घराचा. छातीशी पाटी धरलेली. "आता कुणाला द्यायची? पुढे घर नाही. नदी आहे."

मिश उठला. त्याच्या हातातून पाटी घेतली आणि माझ्या हातात दिली. "गोल पूर्ण झाला," म्हणाला.

बाहेर हार्टविग म्हणाला, "बाई, पण हे आपले सभासद नाहीत. मी समितीला काय सांगू?"

"तू शेजार म्हणालास. सभासद म्हणाला नाहीस."

"मी बघतो," म्हणाला. बघतो म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत.

४ सप्टेंबर, बुधवार

ट्रक आला. रिकामी खोकी, दोन मजूर, घड्या घातलेल्या गोधड्या. समितीचा निरोप आधीच गेलेला, थांबवण्याचा कोणी दिलाच नाही म्हणे.

मी कोटाच्या उंबऱ्यावर बसले. दुखरा पाय समोर स्टुलावर, म्हणजे दार अडतं. किल्ली एप्रनच्या खिशात.

"आजी, आम्हाला काम करू द्या."

"आजी तुझी. मी बाई. आणि हे दार बाहेर उघडतं. माझा पाय हलवल्याशिवाय उघडणार नाही. हलव."

हलवला नाही. कोण हलवेल! तोवर ल्युमिनित्सा पोचली, मागे बसथांब्यावरची निम्मी माणसं. मजुरांना तिने प्लाचिंता दिल्या आणि तोंडाचा पट्टाही सोडला, एका हाताने एक, दुसऱ्याने दुसरं. मिशने खुर्ची आणून माझ्याशेजारी मांडली आणि झोपी गेला.

मी हार्टविगला फोन लावला. "तुझे शब्द होते, शेजार जमतो असं दिसलं तर. दिसला की नाही?"

"दिसला, पण—"

"पण नंतर. दिसला की नाही?"

मग हसायचा आवाज. "बाई, तुम्ही अजून उत्तरातला अर्धा मार्क सोडत नाही."

"ड्रायव्हरला देते फोन."

तासाभरात ट्रक गेला. रिकामी खोकी तशीच. गोधडी एक ठेवून गेले, मिशच्या अंगावर होती.

५ सप्टेंबर, गुरुवार

हार्टविगने समितीचं लेखी कळवलं. वेदी राहते. कौलांचं पुढच्या वसंतात बघू. अट एक: किल्ली सांभाळायला माझ्यापेक्षा तरुण माणूस हवा.

रागावणार होते. मग खिडकीतून ल्युमिनित्सा दिसली, बकरी माझ्या आलुबुखाराखालून ओढून नेत होती. हाक मारली.

२२ सप्टेंबर, रविवार

तिला शिकवते आहे. तारखा पाठ. कारागिरांची नावं पाठ. फळी का कापली ते मला विचारून विचारून पक्कं केलं. डोकं उत्तम आहे, शाळेत चौथीनंतर कोणी घातलंच नाही. एकच खोड: सांगताना हात वर जातात. म्हटलं, हात खाली. इतिहास हाताने सांगत नाहीत.

१४ डिसेंबर, शनिवार

बेकनबुरुजात आता तीन पट्ट्या टांगलेल्या आहेत. तिसऱ्या पट्टीला शिक्का म्हणून बियरच्या बाटलीचं झाकण दाबलं आहे. चालेल.

१० मे, शनिवार

यंदाचे पहिले पाहुणे. मी मागच्या बाकावर. ल्युमिनित्साने सगळं बिनचूक सांगितलं आणि मग उंबऱ्यापाशी थांबली. हात वर! "इथे एक बाई सात दिवस सात रात्री बसली होती, दार अडवून. ट्रक येत गेले, परत जात गेले. ती उठलीच नाही."

मी मागून ओरडले, "एक ट्रक! एक तास!"

ल्युमिनित्सा वळलीसुद्धा नाही. "गावातल्याच आहेत. त्यांना या गोष्टी पटत नाहीत."

पाहुणे हसले. त्यातल्या एकीने हळूच मला विचारलं, "त्या बाई कधी वारल्या?"

"अजून ठरलेलं नाही," मी म्हणाले.