सरांनी शिकवलेलं उत्तर

शुक्र., ३ ऑक्टो.
इथे दोहात, अल थुमामा भागात फ्लॅट पाहिला. फॅमिली व्हिसाचं नक्की झालंय, जानेवारीत वंदना येणार. किचनचे फोटो पाठवले. "छान आहे," एवढंच. मग हळूच म्हणते, साताऱ्याच्या फॅमिली कोर्टात जागा निघाल्यात. रजेवरच्या जजच्या जागी, तात्पुरत्या. "सर म्हणाले, अर्ज भरून टाक." सर म्हणाले! ज्यांच्या हाताखाली वकिली करते ते देशमुख वकील. त्यांनी सांगितलं तर विहिरीतही उडी मारेल.

रवि., ५ ऑक्टो.
साइटवर जाताना बसमध्ये जाहिरात वाचली. सात वर्षं वकिली हवी. तिची याच महिन्यात पुरी होतायत. स्त्रियांना प्राधान्य. आणि विवाहसंस्था टिकवण्याबद्दल बांधिलकी हवी म्हणे! नवरा कतारमध्ये, बायको साताऱ्यात. घ्या बांधिलकी.
निवड झाली तर जानेवारी खलास. हे ती बोलत नाही, मीही नाही.

शुक्र., १० ऑक्टो.
रूममेट बशीरभाई रत्नागिरीचे. म्हणाले, "बायको जज व्हतेय नि तू तोंड पाडून बसलायस? मिठाई आण." आणली. मला गेली नाही.
संध्याकाळी व्हिडिओ कॉल. वंदना सरांच्या ऑफिसात, मुलाखतीची तयारी. मागून त्यांचं हसणं. हिनं केस कापलेत, मला आज दिसतंय. सरांना रोज दिसत असणार. जळलो, सरळ लिहितो.
बोलून गेलो, "तात्पुरत्या नोकरीपायी संसार थांबवायचा?"
"तुम्ही कतारला जाताना काय म्हणाला होता? तात्पुरतंच आहे."
फोन तिनं ठेवला.

मंगळ., ९ डिसें.
मुलाखत झाली. निकाल यायचाय. पॅनेलनं विचारलं, पती कुठे असतात? दोहाला. मग लग्न टिकवण्याबद्दल तुम्ही लोकांना काय सांगणार?
"मी म्हटलं, आमचं टिकलंय सर, रोज भांडायला फोन करतो आम्ही." सगळे हसले म्हणे. मीही हसलो.
पण जीभ कुठे गप्प बसते! "हे सरांनीच पढवलेलं ना?"

"नाही. सर म्हणाले होते, सांग, पती लवकरच कायमचे परत येणार आहेत."
"मग सांगायचं की."
"खोटं बोलायचं नव्हतं."
खोटं कशावरून, असं विचारणार होतो. विचारलं, "जेवलीस का?"