दुसरी चावी

प्रिय आबा,

उद्या सकाळी लातूरला जायचंय, पोलीस ठाण्यात जबाब द्यायला. तुमचा लाडका मिलिंद तिथं सांगून आलाय की घर तुम्ही राजीखुशीनं विकलं आणि रिकामं ताईनं केलं, चावी तिच्याकडंच होती. माझ्याकडं, आबा! इथं नांदेडला मेथी निवडत बसले होते. ऐकून आधी हसू आलं, मग इतका संताप आला की मेथी तशीच टाकून लिहायला बसले. तुम्ही गेलात म्हणून काय झालं? भांडायचं ते तुमच्याशीच.

आठवतं का तुम्हाला चावीचं? आईनं आणि तुम्ही सुट्टीच्या दिवशी विटा रचून ते घर उभं केलं, तेव्हा मी वाळूच्या पाट्या वाहिल्या. मिलिंद झोळीत होता. पुढं तो मोठा झाल्यावर तुम्ही एक चावी स्वतःच्या करदोड्याला बांधली आणि दुसरी त्याला दिली. मी मागितली तर म्हणालात, "लेकीला माहेरची चावी कशाला गं? तू येशील तवा आम्ही हावच की घरी."

हाव कुठं? आई गेल्यावर मी यायची तेव्हा तुम्ही बाजारात असायचा. मी पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसायची, शेजारच्या काकू चहा आणून द्यायच्या. मिलिंद पुण्यात, वर्षानुवर्षं फिरकत नव्हता, तरी चावी त्याच्या खिशात. मला लई हेवा वाटायचा त्याचा.

बुद्धपौर्णिमेला तुम्ही माझ्याकडं आलात. मी तुम्हाला लातूरला परत सोडायला आले तर तुमचा सगळा संसार रस्त्यावर, दाराला नवं कुलूप आणि ओट्यावर चार दांडगी पोरं. त्यातला एक म्हणाला, "घर विकलंय बाबा, तुमच्याच पोरानं." पाण्याचे भरलेले ड्रम त्यांनी उपडे केले होते. लातूरात भरलेला ड्रम कुणी ओततं का? सगळी गल्ली त्यावरच हळहळत होती.

जुनं कुलूप कुणी तोडलं नव्हतं, ते किल्लीनं उघडून सामानात टाकलेलं होतं. आणि खाटेवर आईच्या लुगड्यात बुद्धाची तसबीर, नीट गुंडाळून ठेवलेली. भाड्यानं आणलेल्या गुंडांना असलं सुचतं होय? तिथंच मला कळलं की मिलिंद स्वतः येऊन गेला. तुम्हालाही कळलं. मी ते जुनं कुलूप हातात घेऊन उभी होते आणि तुम्ही लुगड्यावरून हात फिरवत म्हणालात, "बघ सुजा, पोराला जाण हाय. काच फुटू दिली न्हाई."

जाण! बापाला उघड्यावर आणलं आणि वर शाबासकी. दूध-भाकरी कुस्करून मी दिली, पाय मी चेपले, दवाखान्याच्या बाकड्यावर मी बसले. माझ्या वाट्याला असा एक शब्द तरी आला का, आबा?

तुम्हाला मी माझ्याकडं घेऊन आले आणि तक्रारही मीच दिली. पोलीस विचारायला आले तर तुम्ही खुशाल म्हणालात, "कुलूप लावायचं मीच इसरलो असंल साहेब." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मग फोन वाजला की तुमचं सुरू, "मिलू यायलाय का गं?" एकदा मी चिडून म्हणाले, तो नाही येणार, मी आहे ना. तुम्ही उशीवरून बघत म्हणालात, "तू तर हायसच की."

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला मात्र तो आला. पुढं बसून ढसाढसा रडला. सगळी भावकी त्याला पोटाशी धरत होती आणि मी पंगतीत वरण वाढत होते. जाताना म्हणाला, "ताई, केस मागं घे. आबांना हे आवडलं नसतं." खरंच बोलला मेला. तुम्हाला नसतंच आवडलं.

पण मी मागं घेणार नाही. न्यायासाठी म्हणाल तर तेही आहे, पण निम्मा तरी हेवाच आहे माझा. असू दे. त्याला तुम्ही झाकलंत, आता मला कोण झाकणार?

उद्या साहेब विचारतील, चावी कुणाकडं होती. काकूही येणार आहेत, पायरीवरच्या चहाचं सांगायला. मी सांगीन, चाव्या दोनच होत्या. एक आबांच्या करदोड्याला, एक मिलिंदकडं. मला कधी दिलीच नाही. जन्मभर जे सलत राहिलं, तेच उद्या मला वाचवणार आहे, आबा. ते मी मान खाली न घालता बोलेन, हा तुम्हाला शब्द.

शेवटची आंघोळ घालताना तुमच्या करदोड्याची चावी मी सोडून घेतली होती. तीही उद्या साहेबांच्या टेबलावर ठेवायची आहे. आजचा दिवस मात्र मी ती कमरेला खोचून फिरतेय.

तुमची,
पायरीवरची सुजाता