चौकीत सांगितलेलं नाव

आबा, हे पत्र तुम्हाला आहे. पण ज्यांची गाडी, सायकल, बैलजोडी चोरीला गेली आणि चौकीत गेल्यावर उलट ज्यांनाच गुन्हेगारासारखं उभं केलं गेलं, त्या सगळ्यांनी ते ऐकावं असं मला वाटतं. चोर हाती लागत नाही, म्हणून दरडावायला आपणच उरतो. "किल्ली गाडीतच ठेवली? मग चोरी कसली, दानच केलं की!" फौजदाराचं हे वाक्य आणि त्यावर हसलेले दोन शिपाई मला अजून दिसतात. तुम्ही टोपी हातात धरून उभे. मी सतरा वर्षांची, तुमच्या शेजारी, आतून पेटलेली.

त्याला काय माहीत स्टँडची रीत? साठचं दशक संपत आलं होतं. धुळ्याच्या टॅक्सी स्टँडवर गाड्या नंबरानं लागायच्या. पुढची गाडी जळगावच्या सवाऱ्या भरून निघाली की मागच्या सरकवायच्या, आणि कुणी चहाला गेला असेल तर त्याची गाडी शेजारचा पुढे घ्यायचा. म्हणून किल्ली स्विचलाच. ती काढून नेणाऱ्याचा सोबत्यांवर विश्वास नाही, असं मानत. बारा वर्षं शेठची गाडी चालवून, आईच्या पाटल्या मोडून तुम्ही ती जुनी ॲम्बेसेडर घेतली होती. त्या रविवारी सकाळी ती नंबरात लावून तुम्ही आम्हाला विहारात वंदनेला नेलंत. परत आलो तर गाडीच्या जागी तेलाचा डाग. नेताना पाहिलं होतं चौघांनी, पण प्रत्येकाला वाटलं, आपल्यातलाच कुणी सरकवतोय.

आम्ही हात जोडून "चोरी करणार नाही" म्हणत होतो तेव्हाच आमची गाडी जात होती! तो संताप आजही उतरलेला नाही. पुढच्या रविवारी आईनं सगळ्यांना पुन्हा विहारात नेलं. स्टँडवरून जाताना तुमचा जोडीदार ओरडला, "भाऊ, भगवान बुद्ध पायीच फिरे, आते तुम्हीबी फिरा!" तुम्ही म्हणालात, "त्यासनं बरं व्हतं, किल्ली संभाळानी नव्हती." बठ्ठा स्टँड एकजात हसला. मी नाही. वंदनेत ओठ मिटून बसले आणि बाहेर येताच आईवर ओरडले, "ज्यानं गाडी नेली त्याला म्हणायला लावा हे!" आई पायानं चप्पल शोधत म्हणाली, "त्यानं तो म्हनी. तू तुनं म्हन."

दुसऱ्या दिवशी तुम्ही गाडी शोधत सोनगीरकडे गेलेले. शिपाई घरी आला. "संशय कोणावर?" आई म्हणाली, कोणावरच नाही. मी पुढे झाले आणि स्टँडवर गाड्या धुणाऱ्या भिल्ल माणसाचं नाव सांगितलं. त्यानं काही केल्याचं मी पाहिलं नव्हतं. तो गरीब होता, रोज सगळ्या गाड्यांना हात लावायचा, आणि मला कुणीतरी हवं होतं. आपल्या वस्तीकडे बोट दाखवणाऱ्यांवर मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत कडाडले होते, बक्षीस घेतलं होतं. तेच बोट मी दुसऱ्याकडे वळवलं.

संध्याकाळी तुम्ही आलात, ऐकलंत आणि पाणीही न पिता चौकीत निघालात. मी मागे. तो कोपऱ्यात उकिडवा बसलेला आहे, ओठ फाटलेला. फौजदार म्हणतो, "लेकीनं नाव दिलंय. तुम्ही फक्त सही करा, दोन दिवसांत गाडी काढतो याच्याकडून."

"मी देखं नही, साहेब."

"गाडी हवी का नको?"

"हवी शे. पन ज्यानी नेली त्यानाकडून."

आणि तुम्ही बाकावर बसता. त्याला सोडेपर्यंत उठत नाही. घरी येताना तुम्ही मला एवढंच विचारता, "तू देखं व्हतं का?" नाही म्हटल्यावर, "मंग?" त्यापलीकडे तुम्ही मला कधीच रागावला नाहीत, आणि त्याचाही मला राग आहे.

गाडी मिळाली नाही. तुम्ही पुन्हा दुसऱ्याच्या ट्रकवर गेलात, पहूरच्या खडबडीत रस्त्यानं तुमची पाठ घालवली. तरी घर मोडलं नाही. रोज सकाळी सगळ्यांनी एकत्र बसून पंचशीलाची ती पाच वचनं मोठ्यानं म्हणायची असत, आणि म्हणताना एकमेकांची तोंडं दिसत. रुसून बसायला जागाच उरत नसे. श्रद्धेनं आपल्याला धरून ठेवलं हे मी मानते. पण तुम्हाला भिंत धरून उठताना पाहिलं की मनात यायचं, केली असती सही तर? अजून येतं कधी कधी.

ही गोष्ट मी कितीतरी सभांत सांगितली. तुम्ही बाकावर बसता तिथं टाळ्या पडतात. त्या माणसाची माफी मी मागितली नाही. तो दिसला की रस्ता बदलायची. आणि व्यासपीठावरून मी म्हणते, "कुणीतरी त्याचं नाव सांगितलं." कुणीतरी! तुम्ही गेलात तिथं पत्र पोचवणारी पेटी नाही, म्हणून उद्याच्या जळगावच्या भाषणाच्या कागदांत ठेवते आहे. लोकहो, चौकीत "संशय कोणावर" असं विचारलं आणि तुम्ही स्वतः पाहिलेलं नसेल, तर "माहीत नाही" एवढंच लिहून द्या.