वाढत्या अंगाचं मत

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि तुमच्या शिलाई मशीनला नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

नगरपालिकेच्या निवडणुकीत सोळाव्या वर्षीच मत देता यावं, असा आमचा अर्ज काल पालिकेच्या सभेत आला. अध्यक्ष म्हणाले, "मत म्हणजे मोठ्यांचा सदरा. पोरांना ढगळच व्हायचा!"

मी उठले. "माझे वडील शिंपी आहेत. ते वाढत्या अंगाचंच शिवतात."

सगळे हसले, पण अर्ज फेटाळला. आज ऑफिसात साहेबांनी बजावलं, "पुन्हा सभेत दिसलात तर दुसरी नोकरी बघा." काळजी करू नका. पुढच्या सभेलाही मी जाणारच.

धाकटीला सोळावं लागलं ना? मला कॉलेजात घातलंत, तेव्हा तेही ढगळच होतं ना, बाबा?

तुमच्याच मापाची,
थोरली