अर्धा कोयता

आष्टी,
ता. १९ जानेवारी १९८७

चि. मंजुळास आप्पाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडं सगळे हिंडूनफिरून आहेत. आड कोरडा पडलाय. टँकर येतो त्या दिवशी तुझी आजी गावाशी भांडते आणि माझ्याशी गोड बोलते. नागपूरला थंडी लई असेल, कानाला बांधत जा.

तू विचारलंस, शेजारची भामाबाई व्यायाम करते का, आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे तुझ्या त्या हात कामाला लावायच्या विद्येच्या, परीक्षेत दाखवायला तिला नागपूरला आणता येईल का. याचंच उत्तर लिहायचं म्हणून कागद कितीदा तरी पुढ्यात घेतला, आणि ठेवून दिला.

दिवाळीच्या सुट्टीत तू तिच्या चेंगरलेल्या हाताला पट्टी बसवलीस, कोयत्याची मूठ सायकलची ट्यूब गुंडाळून जाड केलीस. बोटं नीट मिटत नसताना बाई कडबा तोडायला लागली. आम्ही सगळे कौतुकानं बघत होतो. त्रिंबक मुकादमही बघत होता.

ऊसतोडीला मुकादम नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बायको अधू म्हणून तिच्या नवऱ्याला, सटवाला, यंदा अर्धाच धरला होता, भामाबाई घरी राहणार होती. त्रिंबक म्हणाला, "हात चालतो की हिचा. मग अर्धा कोयता कावून?" तू गाडीत बसलीस आणि त्याच आठवड्यात ती कारखान्याच्या तोडीवर गेली. अशा दुष्काळात थांब म्हणायला आमच्यापाशी तरी काय होतं?

तू तिला बजावलं होतंस, बोटांना कळत नाही, डोळ्यांनी बघत काम कर. पोरी, ऊस पहाटेच्या अंधारात तोडतात. मुठीखाली फोड आला, फुटला, चिघळला. तिला कळलंच नाही. तिकडच्या दवाखान्यात हात मनगटापासून काढला.

संक्रांतीला सटवा तिला सोडून परत तोडीवर गेला. भेटायला गेलो तर डाव्या हातानं चहा दिला, निम्मा सांडला. म्हणाली, "मंजुळीला कळवू नका आप्पा. तिला वाटंल, तिनं शिकवलं म्हणून असं झालं."

तरी कळवतो. नाहीतर तू तिची वाट बघत बसशील.

तुझी विद्या खोटी नाही. पण परवा जानकीबाई विचारत आली, मंजुळा कधी येते, माझ्याही कोयत्याला तशी मूठ करून दे म्हणावं. तिचा खांदा वर होत नाही.

उन्हाळ्यात ये. कुणा बाईचा हात बरा करायचा असेल तर दार लावून कर. आणि तिला बजाव, बरा झालाय हे मुकादमाला दिसू देऊ नको.

तुझ्या शिक्षणाचं कौतुक गावभर सांगत फिरणारा, आता गप्प बसलेला,
तुझा आप्पा